असलेलं न दिसणं

आमच्या विभागात कुणी नवीन शिकवायला आलं की एक सूचना आधी मिळायची. इनामदार सर समोर बसले असतील तर चहाचा कप टेबलावर ठेवू नका, हातात धरा. कारण बोलता बोलता सरांचं बोट त्या कपाभोवती फिरायला लागायचं. काठाकाठानं जाऊन, कानाशी आलं की कानाला वळसा घालून, पुन्हा बशीपाशी. कप नसला तर डबा, डबा नसला तर कुणाची तरी पर्स. नवा माणूस त्या बोटाकडेच बघत बसायचा आणि सर काय बोलले ते त्याच्या डोक्यात शिरायचंच नाही.

ही सवय घरातूनच आलेली. वडील नेवाशात शिवणकाम करायचे. शाळेतून आल्यावर कापडावर खडूनं आकार काढायचं काम सरांकडे असायचं, कात्री मात्र वडलांच्या हातात. पुढे सर शिकले, नगरला अभियांत्रिकी कॉलेजात लागले, सावेडीत फ्लॅट घेतला, पण बोटातला खडू काही सुटला नाही.

मी बरीच वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले. अंगानं बारीक माणूस, कॉलरखाली घडी घातलेला रुमाल, आवाज इतका हळू की शेवटच्या बाकावरची पोरं पुढे येऊन बसायची. कुठलाही फोटो बघायच्या आधी ते चष्मा पुसायचे. मोबाईलवर कुणी नातवाचा फोटो दाखवला तरी आधी चष्मा पुसणार, आणि मग इतका वेळ बघणार की दाखवणाऱ्यालाच संकोच वाटावा. ‘छान आहे’ असं ते कधी म्हणायचे नाहीत. ‘मागं खिडकीत कोण उभंय?’ असं विचारायचे. पुन्हा बघावं तर खिडकीत खरंच कुणीतरी असायचं. घरच्यांनासुद्धा ते कधी दिसलेलं नसायचं.

त्यांचं संशोधन होतं ते चित्रातली ठळक वस्तू यंत्रानं आपली आपण कशी शोधावी, याचं. मला सुरुवातीला यात काय एवढं, असं वाटायचं. तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "मॅडम, आपण बघतो म्हणजे आधी आपली नजर कुठंतरी अडकते. यंत्राची अडकत नाही. त्याला सगळे ठिपके सारखेच." त्या ठिपक्यांत शेजारच्यापेक्षा वेगळा रंग कुठं आहे, उजेड कुठं बदलतो, कड कुठं संपते, हे त्याला शिकवायचं. मग ते आजूबाजूचं सगळं काळं करतं आणि ठळक वाटलेला भाग तेवढा पांढरा ठेवतं. तो पांढरा भाग कसला, कुत्रा की सायकल की माणूस, हे ओळखणं त्याच्या पुढचं. आणि शिकवायचं म्हणजे असंख्य फोटो त्याच्यापुढे टाकायचे, पण प्रत्येक फोटोत आधी कुणीतरी माणसानं हातानं कड आखून द्यायची. यंत्राचं डोकं म्हणतात त्यात बरंचसं असलं हातकाम असतं, हे मला सरांकडे बघूनच कळलं.

एकदा स्नेहसंमेलनात प्राचार्यांच्या आग्रहावरून त्यांनी हे प्रात्यक्षिक दाखवलं. व्यासपीठावर कॅमेरा लावला, शेजारी मोठा पडदा. प्रमुख पाहुणे पडद्यावर उठून दिसावेत अशी योजना. पाहुणे पांढऱ्याशुभ्र खादीत, आणि मागे सजावटीचं कापडही पांढरं. यंत्रानं पाहुण्यांना साफ काळं केलं आणि त्यांच्या पुढ्यातला पाण्याचा लाल जार तेवढा ठळक करून दाखवला. पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. प्राचार्यांचा चेहरा पडला. सर माइकजवळ गेले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "साहेब, तुम्ही मागच्या कापडाच्या रंगाचे कपडे घातलेत, त्याला ते बिचारं काय करणार." पाहुणे हसले म्हणून निभावलं.

शिकवताना त्यांचा एक तास ठरलेला असायचा. त्या दिवशी ते घरून पिठाची चाळण घेऊन यायचे. चुका दोन, असं सांगायचे. नसलेलं दिसणं ही एक, आणि असलेलं न दिसणं ही दुसरी. चाळणीची भोकं मोठी केली तर कोंडा खाली येतो, बारीक केली तर चांगलं पीठ वर अडकून राहतं. यंत्र दर वेळी आपली खात्री आकड्यात सांगतं. कितीच्या वर गेलं की खरं मानायचं, ती रेघ माणसानं मारायची. रेघ खाली घेतली की भलतंसलतं दिसायला लागतं, वर नेली की खरंखुरं सुटून जातं. "दोन्ही चुका एकदम कमी करून देतो म्हणणारा भेटला तर त्याच्यापासून लांब राहा," असं ते म्हणायचे. परीक्षेला हा प्रश्न हमखास असायचा आणि पोरं तो पाठ करून लिहायची.

बिबट्याचं काम त्यांनी मागितलेलं नव्हतं. आमचा एक जुना विद्यार्थी कोल्हारकडचा. तो एक दिवस आपल्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला घेऊन विभागात आला. दत्ता त्याचं नाव. तिशीतला, बोलण्यात मोकळा. प्रवरेच्या अंगानं सगळा ऊस आणि उसाच्या पोटात याची वस्ती, चार घरांची. बिबट्या उसात राहतो, तिथंच पिल्लं घालतो, हे आता आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. वस्तीवरची कुत्री गेली होती, शेळ्या गेल्या होत्या, एक कालवड गेली होती. पिंजऱ्यासाठी अर्ज देऊन झाले होते. दत्ताचं म्हणणं एवढंच, की असा कॅमेरा बसवा की बिबट्या दिसला की भोंगा वाजला पाहिजे.

सरांनी आधी नकार दिला. म्हणाले, "माझं काम ठळक दिसणाऱ्या गोष्टींचं आहे. बिबट्या जगतोच मुळी ठळक न दिसण्यावर."

"आमाला तर तो दिसतच न्हाई, सर," दत्ता म्हणाला. "तुमच्या मशीनला निम्मा दिसला तरी लई झालं."

सरांनी त्याला वस्तीचा रस्ता विचारला.

पुढचे काही महिने आमच्या विभागात दुसरा विषय नव्हता. इंटरनेटवर मिळणारे बिबटे भर उन्हात फांदीवर ऐटीत बसलेले. आमच्या उसातला असा कधी बसत नाही. सरांनी वनखात्यातल्या ओळखीच्यांकडून अंधुक, हललेले, तिरपे फोटो मिळवले. कुठं नुसती पाठ, कुठं पाचटामागे दोन डोळे. त्या फोटोंवर कड आखायला त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवलं. मी एकात शेपूट सोडून दिली होती. त्यांनी ती आखणी पुसली.

"शेपूट दिसत नाहीये, सर," मी म्हटलं.

"तीच तर शिकवायचीय," असं म्हणून त्यांनी ती स्वतः आखली, पानांच्या मधून अंदाज घेत घेत.

वस्तीवर खांब उभा राहिला, त्याच्यावर कॅमेरा, सौरपट्टी आणि भोंगा. दत्ताच्या घराचं अंगण, पाण्याचा हौद आणि पलीकडची उसाची कड एवढं त्यात दिसायचं. पहिल्या चाचणीला मी गेले होते. सरांनी बाजारातून बिबट्याच्या ठिपक्यांची चादर आणली होती. दत्ता ती पांघरून चार पायांवर अंगणातून रांगत निघाला आणि भोंगा असा काही ओरडला की हौदावरची कबुतरं उडाली. दत्ताची मुलगी ईश्वरी, अंगणवाडीत जाणारी, हसून हसून खालीच बसली. "पप्पा, परत," म्हणाली. दत्ता परत रांगला. तिनं त्याला तिसऱ्यांदाही रांगायला लावलं. त्याची बायको मंगल दारात पदर तोंडाला लावून उभी होती. सरही हसत होते. परतताना मात्र गाडीत म्हणाले, "चादर अंगणाच्या मधोमध होती, मॅडम. म्हणून दिसली."

पण खरा बिबट्याही दिसला. पावसाळ्यात एका संध्याकाळी भोंगा वाजला, लोकांनी बॅटऱ्या मारल्या, आणि गोठ्याच्या दिशेनं आलेला बिबट्या मागे फिरला. फोटोत तो स्वच्छ आला होता. गावानं सरांना बोलावून शाल-नारळ दिला. कॉलेजनं फलकावर बातमी लावली आणि एका स्पर्धेसाठी हे काम पाठवायचं ठरवलं. सरांनी ती शाल तशीच घडी करून कपाटात ठेवली. मी चेष्टेनं म्हटलं, "आता तरी खूश व्हा." ते म्हणाले, "एक दिसला. न दिसलेले किती, ते कुठून मोजायचे?"

दसऱ्यानंतर तक्रारी सुरू झाल्या. भोंगा कुत्र्याला वाजायचा, वासराला वाजायचा. शेजारची म्हातारी ठिपक्याठिपक्यांची शाल घेऊन हौदाशी वाकली तरी वाजायचा. म्हशी बुजायच्या, पान्हा चोरायच्या. एका घरात बाळंतीण होती, तिथं लेकरू दचकून उठायचं. सर दर वेळी जाऊन फोटो बघायचे आणि त्या चुका यंत्राला पुन्हा शिकवायचे. थोडा फरक पडायचा, मग थंडी वाढली, धुकं आलं, की पुन्हा तेच.

शेवटी दत्ता कॉलेजात आला. त्याचं बोलणं भांडणाचं नव्हतं. तो म्हणाला, "सर, परवा वाजला तर कुनी उठलंच न्हाई. लोकांना सवय झाली. काहीजन म्हनत्यात, वायरच काढू. जरा कमी वाजेल असं करा. खरंच आला तरच वाजू द्या."

सरांनी त्याला चाळणीची गोष्ट सांगितली. कमी वाजवायचं म्हणजे एखादा खरा सुटण्याची शक्यता वाढवायची, हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगितलं. दत्तानं ऐकून घेतलं आणि म्हणाला की वायरच काढली तर सगळेच सुटतील.  दोन दिवस सर विचार करत होते. मग त्यांनी रेघ वर नेली. मी तेव्हा शेजारी बसले होते. मलाही तेच बरोबर वाटलं होतं.

भोंगा शांत झाला. वस्ती खूश झाली.

पुढे ऊसतोड जोरात सुरू झाली. एकेक शेत मोकळं व्हायला लागलं की बिबटे उरलेल्या उसात दाटीनं येतात. सर रोज मोबाईलवर तो कॅमेरा बघायचे. त्या दिवशी ते परीक्षेच्या पेपरात होते. दिवस कलताना मंगल गोठ्यात धार काढत होती, दत्ता पाणी धरायला गेला होता, आणि ईश्वरी हौदाच्या आडोशाला खेळत होती. बिबट्या उसातून आला आणि तिला घेऊन गेला. लोक धावले, तिला सोडवलंही, पण ती वाचली नाही.

भोंगा वाजला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सर कॉलेजात आले. त्यांनी कॅमेऱ्यातलं सगळं चित्रण उतरवून घेतलं आणि दार लावून बसले. दुपारी मला बोलावलं. पडद्यावर एक फोटो होता. संध्याकाळचा करडा उजेड, अंगण, ऊस. मला काही दिसलं नाही. त्यांनी उसाच्या कडेला बोट ठेवलं. पाचटाच्या रंगात पाचटाच्याच रंगाचा एक खांदा आणि एक कान. यंत्राला तो दिसला होता. त्यानं खात्रीचा आकडाही लिहिला होता. तो नव्या रेघेच्या जरासा खाली होता. जुन्या रेघेच्या वर होता.

टेबलावर चहा तसाच गार झाला. सरांचे दोन्ही हात मांडीवर होते.

वस्तीवर जाऊन हे सगळं सांगायचं, असं सरांनी ठरवलं. ते कळल्यावर प्राचार्यांनी त्यांना घरी बोलावून समजावलं. वनखात्याची चौकशी चालू आहे, आपण कुणाकडून काही घेतलेलं नाही, मदत म्हणून केलं. कुणी विचारलं तर सांगू, आपण होऊन कशाला? त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. सरांची बायकोही मला फोनवर म्हणाली की गावाकडची माणसं दुःखात आहेत, काय करतील नेम नाही, तुम्ही तरी सांगा. मी सांगितलं. सर म्हणाले, "त्यांना वाटतंय, यंत्राला दिसलंच नाही. ते खरं नाहीये."

दहावा झाल्यावर ते निघाले, आणि त्यांना एकटं सोडवेना म्हणून मी बरोबर गेले.

दत्ता ओट्यावर बसला होता. दाढी वाढलेली. मंगल आतून आली आणि उंबऱ्याला टेकून उभी राहिली. सरांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. नेहमीच्या हळू आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. बिबट्या कॅमेऱ्यात आला होता. यंत्राला दिसला होता. रेघ वर नेली नसती तर भोंगा वाजला असता.

"नक्की वाजला असता?" मंगलनं विचारलं.

"हो."

दत्ता खाली मातीकडे बघत होता. तसाच म्हणाला, "मीच म्हनलो हुतो सरांना. लई वाजतोय म्हनून."

सर एकदम पुढे झाले. ठरवलं मी, आकडा माझ्या हातानं बदलला, तुझा यात काही दोष नाही, असं बरंच काही बोलले. मी त्यांना इतकं घाईनं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पण ते कुणी ऐकत नव्हतं. मंगल नवऱ्याकडे बघत होती. दत्ता कॉलेजात येऊन गेल्याचं तिला तोपर्यंत माहीतच नव्हतं.  मग तिनं नजर काढून घेतली आणि सरांना विचारलं, "फोटू हाय का तो? मला बघायचाय."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग मोबाईल काढला, चष्मा पुसला आणि फोटो तिच्यापुढे धरला. दत्ताही उठून आला. तो उसाच्या कडेत बिबट्या शोधायला लागला, त्याला सापडेना. सर बोटानं दाखवणार, एवढ्यात मंगलचं बोट फोटोच्या अगदी दुसऱ्या कोपऱ्यात गेलं.

"ही काय ईश्वरी," ती म्हणाली.

हौदाच्या मागे, चौकटीच्या अगदी काठाशी, ती होती. ओणवी होऊन मातीत काहीतरी करत असलेली. मातकट रंगाचा फ्रॉक, मागं मातीचीच भिंत. तो फोटो सरांनी किती वेळा बघितला होता आणि मीही बघितला होता. आम्ही दोघांनी प्रत्येक वेळी बिबट्याच बघितला. फोटोच्या खिडकीत उभं असलेलं माणूस ज्यांना सगळ्यांच्या आधी दिसायचं, त्या इनामदार सरांना ती दिसली नव्हती. मंगलनं मोबाईल आपल्या हातात घेतला.

"मला एवढी ती काढून द्या," ती म्हणाली. "तो नको. निस्ती ती."



त्या फोटोतून ईश्वरीला वेगळी काढणं हे त्यांचं आयुष्यभराचंच काम होतं. आपलं यंत्र त्यांनी त्यावर चालवून पाहिलं. त्याला फ्रॉक आणि भिंत वेगळी करता येईना. मग ते हातानं बसले. फोटो मोठा केला की नुसते चौकोनी ठिपके उरायचे. हा ठिपका तिच्या केसांचा की हौदाच्या सावलीचा, यावर ते अर्धा अर्धा तास घालवायचे. एका हुशार विद्यार्थ्यानं सुचवलं की आता नवी सॉफ्टवेअर आहेत, अंधुक चेहरा स्वच्छ करून देतात, डोळे-नाक सगळं. त्यानं दोन मिनिटांत करूनही दाखवलं. पडद्यावर एक गोड मुलगी आली. सरांनी ते बंद करायला सांगितलं. "ही कुणाचीच मुलगी नाही," ते म्हणाले. "यंत्रानं अंदाजानं केलीय."

शेवटी जे झालं ते अंधुकच होतं. वाकलेली पाठ, एक वेणी, एक हात. सरांनी ते साध्या पांढऱ्या कागदावर छापून नेलं. मंगल ते बघून काय म्हणाली, असं मी विचारलं तर म्हणाले, "वेणीवरून बोट फिरवलं. बाकी काही नाही."

पण त्यांना खाणारी गोष्ट वेगळीच होती. जुना विद्यार्थी वस्तीवरच्या बातम्या सांगायचा. दत्ता शेतात जात नाही. जेवायला बसतो आणि उठतो. मंगल त्याच्याशी बोलत नाही, कामापुरतंसुद्धा नाही. लोक म्हणतात, सर येऊन गेल्यापासून असं झालं.

एक दिवस टेबलावरचे कागद आवरता आवरता सर मला म्हणाले, "मॅडम, मी त्यांना खरं सांगायला गेलो होतो की स्वतःचं ओझं उतरवायला?"

मी म्हटलं, तुम्ही सांगितलं नसतं तर ते खोटं झालं असतं.

"ते बरोबर आहे," ते म्हणाले. "पण मी गेलो तेव्हा तिनं लेक गमावली होती. मी निघालो तेव्हा नवराही."

 

स्पर्धेतून त्यांनी काम काढून घेतलं. प्राचार्य नाराज झाले, थोडे दिवस. यंत्राची रेघ वस्तीतल्या लोकांना विचारून पुन्हा खाली आणली. भोंगा आता आधीसारखाच कुत्र्याला, वासराला वाजतो. तक्रार कुणी करत नाही, वाजला की आधी पोरं आत घेतात. वर्गात चाळण आणणं मात्र सरांनी सोडून दिलं. तो धडा ते फळ्यावर लिहून द्यायचे, आणि त्या वर्षी परीक्षेत तो प्रश्न आला नाही.

रविवार आला की ते स्कूटरवरून वस्तीवर जायचे. सुरुवातीला दत्ता त्यांना बघून आत जायचा. सर ओट्यावर बसून यायचे. घरी बायको चिडायची. एकदा तिनं मला विचारलं, एवढ्या लांब जाऊन हे करतात काय? मी सरांना विचारलं. म्हणाले, "काही नाही. बसतो." बरेच रविवार असे गेल्यावर दत्ता बाहेर येऊन बसायला लागला. मग एकदा त्यानंच विषय काढला की घराला लागून असलेल्या पट्ट्यात आता ऊस लावायचा नाही. बुटकं काहीतरी लावायचं, कांदा, हरभरा, ज्याच्या आड काही लपणार नाही. सरांनी ते मला फार मोठी बातमी असल्यासारखं सांगितलं होतं.

त्या मे महिन्यात ते निवृत्त झाले. निरोप समारंभ नको म्हणाले. त्यांच्या टेबलावर एक नवीन मुलगी आली. भेटी कमी झाल्या, फोन झाला तर झाला.

त्याच्या पुढच्या संक्रांतीच्या आधी मला राहात्याला परीक्षेचं काम निघालं. मनमाड रस्त्यानं येताना दुपारी मोकळी होते, म्हणून गाडी वस्तीकडे वळवली. रविवार होता. घराजवळचा पट्टा खरंच उघडा झाला होता. हौदापासून पार लांबच्या उसापर्यंत नजर जात होती. वाफ्यांत पाणी सोडलेलं आणि कांद्याच्या रोपांची लागण चाललेली. दत्ता एका टोकाला ओणवा होता. दुसऱ्या टोकाला पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून इनामदार सर. त्यांची ओळ वाकडी जात होती आणि ते चार रोपं लावून कमरेला हात लावत होते. मला बघून त्यांनी चिखलाचा हात वर केला, पण यायची घाई केली नाही.

मी ओट्यावर बसले. मंगल आतून चहा घेऊन आली. मला कप दिला, उरलेले दोन ओट्याच्या कडेला ठेवले. मग पदर सावरून वाफ्यांकडे तोंड करून म्हणाली, "सर, त्यांना म्हनावं चहा झालाय."

दत्ता तिथून फार लांब नव्हता. त्याला ऐकू गेलं असणारच. त्यानं मान वर केली नाही, हातातली रोपं तेवढी थांबली.

सरांनी आपल्या हातातली जुडी वाफ्याच्या काठावर नीट ठेवली. पाय घसरू नये म्हणून जपत, अरुंद बांधावरून ते त्या टोकापर्यंत चालत गेले, दत्ताच्या जवळ जाऊन थांबले आणि थोडं वाकून म्हणाले, "दत्ता, चहा झालाय."

दत्ता उठला. त्यानं पाटाच्या पाण्यात हात धुतले. मग दोघंही बांधावरून घराकडे यायला निघाले, सर पुढे आणि दत्ता त्यांच्या मागे.